सत्तावीस इंच आणि एक हळकुंड

वसमतला घरात नवी वस्तू आली म्हणजे ती लगेच घरची होत नाही. पाण्याची मोटार असो, मिक्सर असो की दिवाळीची साडी, आधी ती गल्लीला पास व्हावी लागते. कंपनीने पाच वर्षांची गॅरंटी दिलेली असेल, दुकानदाराने पोराबाळांची शपथ घेतलेली असेल, तरी गल्लीचा निकाल लागेपर्यंत त्या वस्तूची अवस्था बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या पोरासारखी असते. परीक्षकांची वानवा नाही. चालू मोटारीला कान लावून "बेअरिंग चाललंय हिचं" असं सांगणारे आहेत, साडीचा पदर मुठीत चुरगाळून "पहिल्याच धुण्यात आटंल" म्हणणाऱ्या आहेत. फी कुणी घेत नाही. चहा मात्र लागतो, आणि तो नवी वस्तू आणणाऱ्यानेच पाजायचा असतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे नांदेडहून संगणकाचा नवा मॉनिटर आला. भाचा तिथे शिकायला आहे. तो खोकं मांडीवर घेऊन एसटीने आला आणि वाटेत कुणालाही त्यावर पिशवी ठेवू दिली नाही. गेम त्याचे, सिनेमे माझे आणि पैसेही माझे, अशी वाटणी आधीच ठरली होती. मॉनिटर तपासायचं एक शास्त्र आहे, ते जगभर सारखंच आहे आणि भाच्याला ते तोंडपाठ होतं. गल्लीचं शास्त्र निराळं होतं. पुढचे काही दिवस ही दोन शास्त्रं माझ्या पुढच्या खोलीत आमनेसामने बसली होती. माझं मत विचाराल तर गल्लीचं शास्त्र भाच्याच्या शास्त्राहून फार मागे पडलं नाही, आणि एका बाबतीत तर ते सरळ पुढे गेलं.

पहिले आले शेजारचे अप्पा. अप्पांची सगळी हयात जमीनमोजणीत गेली. ते टेप घेऊनच आले.

"किती इंची?"

"सत्तावीस, अप्पा."

अप्पांनी रुंदी मोजली. साडेतेवीस भरली. उंची मोजली, ती सव्वातेरा. चष्मा कपाळावर सरकवून ते माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत चाळीस वर्षांतले सगळे बांधाचे तंटे होते. भाच्याने समजावलं, की आजोबा, पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजतात.

"तिरपा? बांधावरनं तिरपं मोजून सातबाऱ्यावर क्षेत्र लावतं का कुणी?"

यावर भाच्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर इतिहासात आहे. सुरुवातीच्या टीव्हीच्या काचेच्या नळ्या समोरून गोल असत, त्यामुळे त्यांचा व्यास सांगितला जाई. पुढे पडदे चौकोनी झाले तरी जुना हिशेब सुटला नाही आणि व्यासाच्या जागी कर्ण आला. विकणाऱ्याला ते सोयीचंच होतं, कारण कोणत्याही आयतात कर्णाहून लांब रेघ ओढता येत नाही. अप्पांना हे पटलं नाही. "साडेतीन इंच खाल्ले" असा शेरा मारून ते चहाला बसले.

खोक्यावर याहून मोठ्या गोष्टी छापलेल्या होत्या. 'एक मिलिसेकंद' ही त्यांतली पहिली. पडद्यावरचा ठिपका एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला एवढाच वेळ घेतो, असा त्याचा अर्थ. हा आकडा खोटा नसतो. मॉनिटरला जास्तीत जास्त पिटाळणारी सेटिंग लावून, त्याला सोयीचे दोन रंग निवडून तो मोजलेला असतो. नेहमीच्या वापरात ती सेटिंग लावली तर पळणाऱ्या माणसाच्या मागे त्याचंच उजळ भूत पळताना दिसतं. काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाचं, म्हणजे कॉन्ट्रास्टचंही तसंच. खोक्यावर कोटीला एक असं काहीतरी लिहिलेलं असतं. खरा आकडा आयपीएस जातीच्या पडद्यात साधारण हजाराला एक आणि व्हीए जातीच्या पडद्यात तीन हजाराला एक एवढा असतो. बाकीची शून्यं छापखान्यात लागतात.

मग 'एचडीआर ४००'. म्हणजे पडदा जास्तीत जास्त ४०० निट्स इतका उजळू शकतो. भाचा हे फार अभिमानाने सांगत होता. एप्रिलमधल्या दुपारी बारा वाजता वसमतच्या कुठल्याही शेतात जा, शिजवलेली हळद वाळत घातलेली असते, तिच्यासमोर उभे राहा. तिच्यावरून डोळ्यांत येणाऱ्या उजेडाचा आकडा त्याच मापात हजारोंच्या घरात जातो. ज्यांनी ते ऊन डोक्यावर घेतलंय त्यांना ४०० निट्सनी दिपवण्याचा प्रयत्न कंपनीने करू नये.

शास्त्राप्रमाणे पहिली चाचणी मेलेल्या ठिपक्यांची. पूर्ण पडदा आधी लाल करायचा, मग हिरवा, निळा, पांढरा, काळा, आणि नाक काचेला लावून बघत जायचं. कुठे एखादा ठिपका हट्टाने दुसऱ्याच रंगाचा राहिला, तर तो डेड पिक्सेल. आमच्या पडद्यावर आडवे २५६० आणि उभे १४४० ठिपके होते, गुणाकार ३६,८६,४००. २०११ च्या जनगणनेत आमच्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ भरली होती. याचा अर्थ जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला तीन-तीन ठिपके येतात आणि वर दीड लाखाच्या आसपास शिल्लक राहतात. एवढं समान वाटप १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून दुसऱ्या कशाचंही झालेलं नाही.

ही चाचणी रात्री आणि तीही पावसाळ्यात करू नये. पडदा पांढरा केला की खिडकीतून सोयाबीनच्या शेतातली चिलटं सहकुटुंब दाखल होतात. भाच्याला वरच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका सापडला. त्याचा चेहरा पडला. त्याने मोबाईलने फोटो काढला, तक्रारीचा मजकूर लिहायला घेतला. शेजारचं सातवीतलं पोरगं शांतपणे म्हणालं, "दादा, त्यो ठिपका चालूलालाय."

खरंच एखादा ठिपका मेलेला निघाला असता तरी लगेच नवा मॉनिटर मिळतोच असं नाही. किती मेलेले ठिपके ग्राहकाने निमूट सोसायचे, याचं रीतसर आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात पडद्यांचे वर्ग पाडलेले आहेत. सर्वांत वरच्या वर्गात एकही दोष चालत नाही. बाजारात सर्रास मिळणारा माल त्याच्या खालच्या वर्गातला असतो, त्याला दर दहा लाख ठिपक्यांमागे थोडीफार सूट असते. दारिद्र्यरेषेच्या याद्या बघत आलेल्या जिल्ह्यातले आम्ही असल्यामुळे हे लगेच समजलं.

पुढची चाचणी काळ्याची. मॉनिटर तपासताना सगळ्यांत अवघड रंग काळा, कारण अशा पडद्यात काळा रंग तयारच होत नाही. मागे दिवे सतत जळत असतात आणि पुढचे द्रवस्फटिक तो उजेड अडवण्याचं काम करतात. ते पूर्ण अडवत नाहीत. कडेकोपऱ्यातून थोडा उजेड झिरपतो आणि काळ्याचा राखाडी होतो. ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो, म्हणून त्याचा काळा खरा काळा. पण त्याची किंमत ऐकून आमचे चेहरेही तसेच झाले होते.

काळा बघायचा तर खोलीत मिट्ट अंधार लागतो. इतर ठिकाणी लोक त्यासाठी जाड पडदे लावतात. आमच्याकडे अंधाराला तोटा नाही, तो न मागता मिळतो. फक्त त्याच वेळी मॉनिटरही बंद झालेला असतो. अंधार आणि वीज एकाच वेळी हजर असण्याचा योग आम्हाला रात्री उशिरा साधता आला. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पिवळसर उजेड दिसत होता. भाचा म्हणाला, हा झिरपलेला उजेड, म्हणजे ब्लीड आहे. आमची आत्या म्हणाली, "देवापुढचा दिवा दिसत असंल, काचंत." तिने दार लोटलं तसा निम्मा ब्लीड गेला.

काळ्याच्या परीक्षेला मी सिनेमा निवडला 'तुंबाड', राही अनिल बर्वे यांचा, २०१८ चा. पंकज कुमार यांनी तो पावसाळी उजेडात आणि कंदिलाच्या प्रकाशात असा टिपला आहे, की चांगल्या पडद्यावर अंधारातली भिंत, तिच्यावरची ओल आणि ओलीवरचं शेवाळ वेगळं दिसतं आणि वाईट पडद्यावर नुसता डांबराचा पट्टा. आमच्या पडद्यावर भिंत दिसली, ओल दिसली, शेवाळाबाबत मतभेद झाले. आत्याने अर्धा तास सोसलं. मग म्हणाली, "एवढा पैसा घातला शिनेमाला, एक बल्ब काहून लावला नाही यांनी?"

आत्याचा आक्षेप जागतिक आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतली मोठी लढाई २०१९ मध्ये दाखवली तेव्हा जगभरच्या प्रेक्षकांनी हेच विचारलं होतं. लढाई रात्रीची, आणि ती इतकी काळोखी की कोण कुणाला मारतंय ते कळेना. त्या भागाचे छायालेखक फाबियन वॅग्नर यांनी दोष लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगवर आणि उजेडात बसून बघण्यावर टाकला. लोकांनी तो परत त्यांच्याकडे पाठवला. निकाल अजून लागलेला नाही.

सिनेमा लागला आणि वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, तसे अप्पा पुन्हा टेपकडे वळले. मॉनिटर सोळाला नऊ, आणि मोठ्या पडद्यासाठी काढलेले बरेच सिनेमे त्याहून लांबट, उंचीच्या २.३९ पट रुंद. ते पूर्ण दाखवायचे तर पडद्याचा पाव हिस्सा काळाच राहतो. "म्हणजे आधी साडेतीन इंच तिरपे खाल्ले, आता पाव पडदा पडीक," अप्पा म्हणाले. पडीक जमिनीला सारा तरी कमी लागतो, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

बाजूला बसून नीट दिसतं का, ही त्यानंतरची परीक्षा आमच्या घरी आपोआप होते, कारण समोर एकच खुर्ची आहे आणि बाकीची मंडळी पलंगावर, उंबऱ्यात, खिडकीबाहेर अशी असतात. औंढा नागनाथला नामदेवांना देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करावं लागलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, ही कथा आमच्या जिल्ह्यातलं पोरगंही सांगतं. नामदेवांचं जन्मगाव नर्सी इथलंच. मॉनिटरचा दावा मात्र १७८ अंशांचाच होता. खिडकीबाहेरच्या मंडळींनी थोडा वेळ वाट पाहिली, पडदा काही त्यांच्याकडे फिरला नाही, मग ती आत येऊन बसली.

आता रंग. इथे खरे परीक्षक दाखल झाले: शेजारचे आडत दुकानवाले काका. काकांचं आयुष्य हळदीच्या सौद्यात गेलं. वसमतला आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीचे ढीग पडतात तेव्हा खरेदीदार हळकुंड उचलतो, वजनाचा अंदाज घेतो, ते मोडतो, मोडताना होणारा आवाज ऐकतो आणि आतला रंग बघतो. बाहेरून सगळीच हळद पॉलिश करून चकचकीत असते; भाव आतल्या रंगावर ठरतो. दोन ढिगांच्या पिवळ्यात जो फरक तुम्हा-आम्हाला दिसतही नाही, त्यावर क्विंटलमागे शेकड्यांनी रुपये इकडचे तिकडे होतात. रंग मोजायची यंत्रं परदेशात मिळतात, मॉनिटरच्या काचेवर चिकटवून ती रंग बरोबर आहे की नाही ते सांगतात. आमच्याकडे काका आहेत.

भाच्याने रंगांच्या परीक्षेसाठी खास काढलेला परदेशी व्हिडिओ लावला होता. त्यात पोपट होते, ॲमेझॉनचे बेडूक होते, समुद्रातले मासे होते. काकांनी विचारलं, "हा बेडूक खरा कसा दिसतो, तू बघितलाय का?"

"नाही."

"मी पण नाही. मग हा बरोबर आहे की नाही, कोण सांगणार?"

सगळ्या जगातल्या मॉनिटर तपासणाऱ्यांनी हा प्रश्न घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. काकांनी खिशातून हळकुंड काढलं, ते त्यांच्या खिशात असतंच, कटकन मोडलं आणि म्हणाले, याचा फोटो काढ आणि लाव. फोटो पडद्यावर आला. काकांनी मोडलेलं हळकुंड त्याच्या शेजारी धरलं. खोली गप्प झाली.

"तांबूस मारूलालंय," काका म्हणाले. "अन् चमक जास्ती. ही हळद मी घेणार नाही."

भाच्याने मॉनिटरच्या मागची बटणं दाबायला सुरुवात केली. 'गेमिंग', 'सिनेमा', 'व्हिव्हिड' अशा सेटिंग होत्या. 'व्हिव्हिड'मध्ये हळकुंड गाजर झालं, 'सिनेमा'त ते सुंठेकडे झुकलं. शेवटी 'एसआरजीबी' नावाच्या, कुणी ढुंकून न बघणाऱ्या सेटिंगवर आल्यावर काकांनी मान हलवली. या सेटिंगमध्ये चकचकीतपणा कमी असतो, पण जगभरातल्या बहुतेक चित्रांचे रंग त्याच मोजपट्टीवर ठरवलेले असतात. काकांना मोजपट्टी माहीत नव्हती. त्यांना हळद माहीत होती.

मग भाच्याने न सांगायचं ते सांगितलं. काका, या पडद्यात पिवळा रंग नाहीच.

"म्हंजे?"

प्रत्येक ठिपक्यात तीनच बारीक रेघा असतात: लाल, हिरवी आणि निळी. लाल आणि हिरवी एकदम पेटली की डोळ्याला पिवळं वाटतं. भाच्याने बोटावर पाण्याचा बारीक थेंब घेतला आणि हळकुंडाच्या फोटोवर टेकवला. थेंबाचं भिंग झालं आणि त्यात पिवळ्याचा मागमूस राहिला नाही. लाल आणि हिरव्या रेघा शेजारी शेजारी जळत होत्या.

काका खुर्चीतून उठले. "ही भेसळ आहे."

हळदीत रंग मिसळणाऱ्यांशी ज्याने हयातभर वैर धरलं, ज्याच्या गावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्या माणसाला पडद्यावरचं पिवळं हे तांबड्या-हिरव्याचं मिश्रण आहे असं सांगणं बरं नव्हे. डोळ्याच्या आतसुद्धा पिवळ्यासाठी वेगळी सोय नाही, तिथेही तीनच प्रकारच्या शंकूपेशींच्या हिशेबातून पिवळं ठरतं, असं मी सांगून पाहिलं. "म्हंजे डोळ्यात बी भेसळ," काका म्हणाले. शेवटी त्यांनी निकाल दिला: रंग चालेल, वास नाही.

पांढऱ्याची परीक्षा आत्याने घेतली. शास्त्रात पांढऱ्याचं तापमान सांगतात. ६५०० केल्व्हिन हा सिनेमा आणि चित्रांसाठी मानलेला पांढरा. तो लावला आणि आत्या म्हणाली, मळका आहे. तिचं चुकत नव्हतं. जुन्या टीव्हींचा पांढरा याहून बराच निळा असे, नऊ हजारांच्या पुढचा. त्यात आपल्याकडे धोतर असो की शाळेचा सदरा, नीळ दिल्याशिवाय पांढरं म्हणायची पद्धत नाही. लहानपणापासून डोळ्याला निळ्या पांढऱ्याची सवय लागली, तर खरा पांढरा पिवळटच दिसणार. "याला नीळ द्या," आत्याने सांगितलं. भाच्याने 'कूल' सेटिंग लावली. आत्या गेल्यावर परत काढली. आत्या आली की पुन्हा लावली. ही नीळ अजून चालू आहे.

चित्र तपासायची ही हौस आमच्याकडे नवी नाही. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, तेव्हा ज्यांच्याकडे काळा-पांढरा टीव्ही होता त्यांनी त्याच्यापुढे रंगीत प्लास्टिकचा कागद लावला. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. त्या हिशेबाने राम उभा असला की डोकं आभाळाच्या रंगाचं आणि पाय गवताच्या. तो बसला की संपूर्ण हिरवा. चित्राची प्रत सुधारायची म्हणजे एकाने गच्चीवर अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने जिन्यात उभं राहून निरोप पोचवायचे, तिसऱ्याने टीव्हीसमोरून "आलं... आलं... गेलं!" असं ओरडायचं. आलं तरी ते आलेलं राहण्यासाठी गच्चीवरच्याने अँटेना धरूनच उभं राहायला लागे. त्याने त्या रविवारचं 'रामायण' कधीच बघितलं नाही.

चित्र गेलं की उरायच्या त्या मुंग्या. पडद्यावर वळवळणाऱ्या त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतला थोडासा हिस्सा विश्वाच्या जन्मावेळच्या प्रारणाचा असे, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. तेव्हा कळलं असतं तर टीव्हीला थोबाडीत मारताना जरा विचार केला असता.

त्या विश्वाचं आणि आमच्या जिल्ह्याचं नातं आता जास्तच जवळचं होणार आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात असतील, त्यांतून लेसर धावेल आणि अवकाशातून गुरुत्वीय लहर आली तर भुजांच्या लांबीत पडणारा फरक पकडेल. हा फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका असतो. असल्याच यंत्रांनी अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकली. जागा निवडताना जमिनीची शांतता बघतात. जमीन मात्र अधूनमधून आपलं मत नोंदवते. २१ मार्च २०२४ च्या सकाळी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता. मॉनिटर भिंतीवर टांगणाऱ्यांनी स्क्रू जरा खोल मारावेत, एवढाच माझ्यापुरता बोध. अप्पांची काळजी वेगळी आहे. ती चार किलोमीटरची भुजा तिरपी मोजणार नाहीत ना, असं ते विचारत होते.

गेमच्या परीक्षेला मी फक्त प्रेक्षक होतो. भाच्याचं सगळं गणित हर्ट्झवर चालतं. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलला तर प्रत्येक चित्र साधारण सतरा मिलिसेकंद टिकतं, १६५ वेळा बदलला तर सहा. त्यामुळे मान वळवताना भिंती पुसट होत नाहीत आणि भिंतीआडचा शत्रू अंमळ आधी दिसतो, असं तो म्हणतो. हे खरं आहे, आणि फरक डोळ्याला कळतोही. पण कितीतरी घरांत असा मॉनिटर विकत घेतल्यापासून ६० वरच चालत असतो, कारण विंडोजच्या सेटिंगमध्ये आकडा बदलायचा राहिलेला असतो किंवा जुनीच केबल जोडलेली असते. त्या घरातला पोरगा आल्यागेल्याला "फरक कळतो का बघा" असं विचारतो आणि आल्यागेल्यालाही तो कळतो.

भाच्याची सेटिंग बरोबर होती. अडचण पुढची होती. मॉनिटर १६५ चा, आणि संगणकातलं जुनं ग्राफिक्स कार्ड मोठ्या गेममध्ये सेकंदाला चाळीस चित्रांवर हाय खातं. हलका म्हणून त्याने 'व्हॅलोरंट' लावला. तिथे चित्रं पुरेशी आली, पण आमच्या इंटरनेटवरून मुंबईच्या सर्व्हरला जाऊन यायला साठ-सत्तर मिलिसेकंद लागले. एका मिलिसेकंदाचा मॉनिटर तोवर हातावर हात ठेवून बसला. वसमतमध्ये भाचा गोळी झाडतो, ती लागली की नाही ते मुंबईत ठरतं. मराठवाड्यातल्या कोणत्याही गोष्टीचा निकाल शेवटी मुंबईतच लागतो, त्याला मॉनिटर तरी काय करणार?

सिनेमाला मात्र १६५ हा आकडा उपयोगाचा नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १६५ ला २४ ने भागलं तर निःशेष भाग जात नाही, मग काही चित्रं जास्त वेळ थांबतात, काही कमी, आणि कॅमेरा संथपणे सरकत असेल तर बारीक हिसके जाणवतात. १४४ ठेवलं की प्रत्येक चित्राला बरोबर सहा पाळ्या येतात. मला हा फरक दिसतो असं मी भाच्याला सांगितलं आहे.

सगळ्यात कठीण पेपर शेवटी आला. घरात नवा पडदा आला की मराठी माणूस त्यावर एक गोष्ट लावल्याशिवाय राहत नाही: घरातल्या लग्नाचं शूटिंग. आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हीसीडीत आहे. आत्याने कपाटातून ती काढली, पदराने पुसली. भाच्याने सावध करायचा प्रयत्न केला, पण सगळी गल्ली जमली होती आणि त्यातले निम्मे लोक त्या व्हीसीडीत होते.

व्हीसीडीचं चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपक्यांचं. नुसतं लावलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते अप्पांना मंजूर नव्हते, म्हणून चित्र ताणून पूर्ण पडद्यावर बसवलं. आता व्हीसीडीतला एकेक ठिपका आमच्या पडद्यावरच्या छत्तीस ठिपक्यांवर पसरला. पत्रिकेत छत्तीस गुण जुळणं भाग्याचं. पडद्यावर तो छत्तीसचा आकडा झाला. नवरदेवाच्या चेहऱ्यावर फरशा बसवल्यासारखं दिसू लागलं, अक्षतांच्या जागी चौकोन उडत होते, आणि ताणल्यामुळे सगळं वऱ्हाड एक तृतीयांश जास्त रुंद झालं होतं. आत्याने स्वतःला पाहिलं.

"जुन्या टीव्हीवर मी बारीक होते," ती म्हणाली.

झालं. ३६ लाख ठिपके, १६५ हर्ट्झ, काकांनी पास केलेला पिवळा, सगळं पाण्यात गेलं. पडदा जितका चांगला तितकं जुनं चित्र वाईट दिसतं, कारण जुन्या टीव्हीच्या पुसटपणात जे झाकलं जायचं ते हा मुद्दाम उघडं करून दाखवतो, हे भाच्याने परोपरीने सांगितलं. पण वस्तू महाग घेतली आणि तिने चांगल्या माणसांना जाडं दाखवलं, यात तिची बाजू कोण घेणार? गल्लीने एकमताने निकाल दिला, की मॉनिटरला ग्रेसचे मार्क देऊन पास करावं आणि त्यावर लग्न लावू नये.

तुम्ही असा पडदा घेणार असाल तर चार गोष्टी माझ्याकडून ऐका. परत करायची मुदत आठवड्या-दहा दिवसांत संपते, तेवढ्यात लाल-हिरवा-काळा करून सगळे कोपरे बघून घ्या. बेडूक आणि पोपट बघू नका. तुम्हाला माहीत असलेली एखादी वस्तू पडद्याशेजारी धरा, हळद नसेल तर टोमॅटो चालेल. हर्ट्झचा आकडा विंडोजमध्ये जाऊन बदला, तो आपोआप बदलत नाही. आणि खोक्यातलं थर्माकोल गौरी-गणपतीच्या मखरासाठी कुणाला देऊ नका. एक तर २०१८ पासून त्याच्या सजावटीला राज्यात बंदी आहे. दुसरं म्हणजे मॉनिटर परत न्यायची वेळ आलीच, तर मूळ खोक्याशिवाय बहुतेक ठिकाणी तो घेत नाहीत.